दुबार रांगेचे गणित
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



संतसाहित्य आणि नाट्यसंगीत यांच्या पंक्तीला आम्ही संगणकांच्या रांगांचा विषय आणून बसविला, याचे कार्यकारिणीतील काही स्नेह्यांना नवल वाटले. आमची पदवी बी. ए.ची, आणि उमेदीची वर्षे केंद्र सरकारच्या फायलींत गेलेली. तरीही रांग या विषयावर बोलण्याचा अधिकार सरकारी नोकराइतका दुसऱ्या कोणाला असेल, असे आम्हांस वाटत नाही.

या गणिताचा जन्म टेलिफोनच्या व्यवहारात झाला. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणारे आग्नर एर्लांग यांनी १९०९ साली दूरध्वनीच्या मागण्यांविषयी निबंध लिहिला, आणि १९१७ साली किती तारा असल्या म्हणजे किती जणांना ताटकळावे लागेल याची सूत्रे दिली. त्यातील मर्म असे की, रांग कामाच्या प्रमाणात वाढत नाही. अगदी साध्या प्रतिरूपानुसार खिडकीवरचा कारकून निम्मा वेळ गुंतलेला असेल, तर आपल्याला प्रत्यक्ष कामाच्या दुप्पट वेळ लागतो. तो ९० टक्के वेळ गुंतलेला असेल, तर दसपट.

आज संगणकांचे मोठे काम एका यंत्रावर होत नाही. त्याचे तुकडे शेकडो यंत्रांकडे, म्हणजे सर्व्हरांकडे, जातात आणि सगळी उत्तरे आल्यावरच काम पुरे होते. पंगतीसारखेच हे. शेवटच्या पानावर वरणभात पडेपर्यंत कोणी पहिला घास घेत नाही. जेफ्री डीन आणि लुईझ बारोसो या गूगलच्या दोघा तज्ज्ञांनी २०१३ साली याचा एक हिशेब मांडला. एखादा सर्व्हर शंभरांत एकदाच एका सेकंदाहून अधिक वेळ घेत असेल, आणि एका कामाला असे १०० सर्व्हर लागत असतील, तर शंभरांतील ६३ कामांना एका सेकंदाहून अधिक वेळ लागेल. शंभरांत एखाद्या वेळची दिरंगाई कोणत्याही कचेरीत आपण क्षम्य मानू. येथे तिनेच बहुतेक कामे अडतात.

यावर सुचलेला उपाय आपल्या घरगुती शहाणपणाचाच आहे: तेच काम दोघांना सांगावे, आणि जो आधी करील त्याचे घ्यावे. डीन व संजय घेमावत यांनी २००४ साली वर्णिलेल्या पद्धतीत, काम संपत आले की रेंगाळलेल्या तुकड्यांच्या जादा प्रती इतर यंत्रांवर सुरू केल्या जात. एका चाचणीत ही सोय बंद केली, तेव्हा तेच काम ४४ टक्के अधिक वेळ चालले.

मग प्रत्येक काम पहिल्यापासूनच दोन ठिकाणी का धाडू नये? येथे एर्लांगचे गणित आडवे येते, आणि हाच भाग आम्हांस सर्वांत मनोरंजक वाटतो. समजा, एका कामाला सरासरी एक सेकंद लागतो आणि सर्व्हर २० टक्के वेळ गुंतलेला असतो. एकच प्रत धाडली तर रांगेसकट १.२५ सेकंद लागतात. दोन धाडल्या तर प्रत्येक सर्व्हरवरचा भार ४० टक्के होतो. तरीही दोहोंपैकी लवकर येणारे उत्तर सरासरी ०.८३ सेकंदातच मिळते. उघड फायदा. आता मूळचा भार ४० टक्के धरा. एका प्रतीला १.६७ सेकंद लागतात. दोन धाडल्या की भार ८० टक्क्यांवर जातो, आणि लवकरचे उत्तरसुद्धा २.५ सेकंदांनी हाती येते. नफ्यातोट्याची सीमा बरोबर एकतृतीयांश भारावर आहे. तेथे दोन्ही रीतींनी दीड सेकंदच लागतो. आणि मूळचा भार निम्म्यावर गेला, की दुबार प्रतींनी यंत्रे पूर्ण भरतात व रांगेला अंत राहत नाही. २०१३ सालच्याच दुसऱ्या एका अभ्यासात ही एकतृतीयांशाची सीमा मांडली आहे. प्रत्येक कामाला अगदी सारखाच वेळ लागत असेल, तर ती सुमारे २६ टक्क्यांवर येते.

या हिशेबात हरलेली प्रतही शेवटपर्यंत चालते असे धरले आहे. ती वेळीच रद्द केली तर चित्र पुष्कळ सुधारते. परंतु येथे एक खोच आहे. दिरंगाई यंत्राच्या लहरीमुळे असेल तरच दुसरी प्रत कामी येते. काम मुळातच लांबलचक असेल तर ते दोन्हीकडे लांबणारच. फाईलच दोनशे पानांची असली तर दोन कारकुनांना देऊन ती लवकर वाचून होत नाही. दोन कारकून मात्र अडकतात.

डीन व बारोसो यांची तोड म्हणूनच आम्हांस सरस वाटते. दुसरी प्रत लगेच धाडावयाची नाही. थोडे थांबावयाचे, आणि उत्तर नाहीच आले तर धाडावयाची. १०० सर्व्हरांवर विखुरलेल्या एक हजार नोंदी वाचण्याच्या चाचणीत त्यांनी १० मिलिसेकंद वाट पाहण्याचा नियम घातला. हजारातील सर्वांत मंद वाचनांची मर्यादा १८०० मिलिसेकंदांवरून ७४ वर आली, आणि जादा विनंत्या झाल्या अवघ्या २ टक्के. सरकारी भाषेत, हे वेळेवर गेलेले स्मरणपत्र होय.

आता प्रश्न उरतो तो ज्याला दुसरी प्रत धाडताच येत नाही त्याचा. मे महिन्यात हावड्याहून गावी निघताना आपल्यापैकी पुष्कळजण गीतांजली आणि मुंबई मेल अशा दोन्ही गाड्यांच्या प्रतीक्षायादीत नाव घालतात. एक तिकीट पक्के झाले की दुसरे रद्द करतात. प्रत्येकाच्या दृष्टीने हे शहाणपणाचेच. पण दुसरे तिकीट रद्द होईपर्यंत यादी फुगलेलीच राहते, आणि ज्याच्यापाशी एकाच तिकिटाचे पैसे आहेत त्याचा नंबर तेवढा खाली दिसतो. अमेरिकेत अवयवरोपणासाठी एकाहून अधिक केंद्रांत नाव नोंदविता येते. पण त्यासाठी दूरच्या गावी हवे तेव्हा पोहोचण्याची ऐपत लागते. कॅलिफोर्नियात राहणाऱ्या स्टीव्ह जॉब्झ यांच्यावर २००९ साली यकृतरोपण झाले ते टेनेसीतील मेम्फिस येथे. तेथे रांगेतील एका जागेचा अर्थ काय, हे सांगावयास नको.

क्रिस्टन गार्डनर, मोर हार्कोल-बाल्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली नेमका हा प्रश्न हाती घेतला: काहीजण दुबार नोंद करतात आणि काहीजण करू शकत नाहीत, तेव्हा रांगेला कोणता नियम लावावा? सर्वांत कमी प्रती असलेल्याला आधी घेतले, तर एकंदर सरासरी उत्तम येते. पण त्यात दुबार नोंद करणाऱ्यांवर कधी अन्याय होतो. म्हणून न्यायासाठी त्यांनी दुसरा नियम सुचविला. प्रत्येकाची एक नोंद मूळ मानावयाची, आणि सर्व्हरने मूळ नोंदी संपल्यावरच नकलांना हात लावावयाचा. नक्कल मूळ नोंदींच्या मागे उभी राहते. ज्याची एकच नोंद आहे त्याचा क्रम तिच्यामुळे ढळत नाही, आणि एखादे यंत्र रिकामे असले तर नकलेचेही काम होऊन जाते.