नऊ प्रश्नांची चाळण
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



विद्यापीठाची विद्यानगरी आपल्या वाकोल्याच्या शेजारीच, कलिन्याला आहे. शिकणारी किती मुले रोज आपल्या दारावरून जातात! त्यांच्या मनात काय चालले आहे हे चेहऱ्यावरून कळत नाही. आईलासुद्धा कळत नाही. म्हणून आज एका कागदाविषयी चार शब्द सांगते. माझे शिक्षण सातवीपर्यंत. चुकले तर सांभाळून घ्यावे.

या कागदाला पीएचक्यू-९ म्हणतात. अमेरिकेतील क्रोंके, स्पिट्झर आणि विल्यम्स यांनी त्याची पारख करून २००१ साली ती प्रसिद्ध केली. गेल्या दोन आठवड्यांत उदास वाटले का, कशात रस वाटेनासा झाला का, झोप, भूक, थकवा, लक्ष लागणे कसे होते, असे ९ प्रश्न. शेवटचा प्रश्न, मेलेले बरे असे वाटले का? प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण २७. १० किंवा जास्त भरले, तर पुढे तपासावे.

पण ही चाळण आहे, निदान नव्हे. त्या पारखीत आजारी माणसांपैकी शेकडा ८८ सापडली आणि निरोगी माणसांपैकी शेकडा ८८ सुटली. आता हिशेब करू. समजा, १०० मुलांत १० आजारी आहेत. त्यांतली ९ सापडतील; पण ९० निरोगी मुलांपैकी ११ उगाच अडकतील. म्हणजे अडकलेल्या २० पैकी निम्म्याहून अधिक आजारी नाहीत, आणि एक आजारी मूल निसटलेच! शिवाय ती पारख दवाखान्यात आलेल्या रुग्णांवर झाली. परीक्षेच्या दिवसांत झोप आणि भूक कोणाची बिघडत नाही? आपली मुले तर "उदास आहे" न म्हणता "करमत नाही" म्हणतात. म्हणून कागद भरून घेतल्यावर डॉक्टरांनी त्याच मुलांशी निराळे बोलून दोन्ही ताडून पाहावे, तेव्हाच तो आपल्या विद्यार्थ्यांना किती लागू पडतो ते कळेल.

माझी मुलगी विद्यापीठात शिकते. मी कौतुकाने तिच्याजवळ बसून हा कागद तिच्याकडून भरून घेतला. सगळीकडे शून्य! मी निश्चिंत झाले. चार दिवसांनी रात्री ती म्हणाली, "आई, तू शेजारी बसलीस, मग मी खरे कसे लिहिणार?" त्या रात्री आम्ही दोघी पहाटेपर्यंत बोललो, आणि दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे गेलो. आता ती बरी आहे. दोष कागदाचा नव्हता, माझ्या बसण्याचा होता.

भगिनींनो, कागद एकांतात भरू द्या. शेवटच्या प्रश्नाला "हो" आले, तर बेरीज कितीही असो, मुलाला एकटे सोडू नका. लगेच डॉक्टर गाठा. विचारल्याने तो विचार मनात शिरत नाही, उलट मन हलके होते. सरकारची २०२२ साली सुरू झालेली टेलि-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस, फुकट मिळते. तो क्रमांक स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवा.