डोहातला शेजारी

मृगाचा पाऊस पडला, की रात्री डरांव डरांव सुरू होते. तो पिवळाधमक मोठा बेडूक तुमच्या ओळखीचाच. आज सांगणार आहे ते त्याच्या धाकट्या भावाविषयी.

जानेफळच्या आसपास एखाद्या नाल्यावर जा. डोहात नुसते डोळे वर काढून तो तरंगत असतो. तुमचे पाऊल वाजले, की न बुडता पाण्यावरूनच टप टप उड्या घेत पलीकडे जातो. पोरे खापरी फेकून भाकऱ्या काढतात ना, अगदी तसा! लांबी दोन-अडीच इंच, रंग मातकट, पाठीवर काळसर ठिपके, मागच्या बोटांना पूर्ण पडदे. नराच्या गळ्याला दोन्ही बाजूंनी फुगे येतात. मादी मात्र नराहून मोठी. श्नायडर या जर्मन पंडिताने १७९९ साली त्याचे शास्त्रीय वर्णन केले. इराणपासून श्रीलंकेपर्यंत त्याची वस्ती आहे.

मोठा बेडूक उन्हाळ्यात जमिनीत दडून बसतो. हा सहसा पाणी सोडत नाही. नाला आटू लागला, की उरल्यासुरल्या डोहात ही सारी मंडळी गोळा होतात. पावसाळ्यात तेथूनच पुन्हा पसरतात, पाण्यात अंडी घालतात. पिल्ले शेवाळ खरवडून वाढतात. आधी मागचे पाय फुटतात, मग पुढचे, शेवटी शेपूट जिरते.

म्हणजे चैत्र-वैशाखातला तो एवढासा डोह हेच त्याचे बियाणे! आणि आपण काय करतो? फवारणीचा पंप नेमका त्याच डोहात धुतो. बेडूक कातडीनेही श्वास घेतो. पाण्यातले विष त्याच कातडीतून आत शिरते. मरतो तो मात्र आपलाच गडी, कारण तो किडे खाऊन जगतो. मोठ्या बेडकांच्या तंगड्या परदेशी जात. १९८७ साली सरकारने ती निर्यात बंद केली. पण पंप धुण्यावर सरकार कुठे कुठे लक्ष ठेवणार? ते आपणच ठेवायचे.

तेव्हा पंप नाल्यापासून लांब धुवा. गाळ काढताना एखादा खोलगट डोह आणि काठचे थोडे गवत राहू द्या. आणि गुरुजी, मुलांना एकदा डोहावर न्या. काचेच्या बरणीत दोन पिल्ले ठेवा, पाय फुटताना दाखवा आणि मग त्याच डोहात सोडा. पुस्तकातले चित्र मुले विसरतील. हे विसरणार नाहीत.