हरपलेला सूर आणि त्याचें सांत्वन
(ज्युबिली महोत्सवांतील व्याख्यान)



ज्युबिलीच्या या मंगल प्रसंगीं आनंदगीतें गावीं हें उचितच आहे. परंतु जीं गाणीं मध्येंच थांबलीं त्यांचेंहि स्मरण व्हावें, म्हणून एका कोंकणी चित्रपटाविषयीं चार शब्द बोलण्याची मी आपली अनुज्ञा घेतों. श्री. बार्द्रोय बार्रेतो यांनीं दिग्दर्शित केलेला ‘नाचोंया कुंपासार’ हा तो चित्रपट २०१४ सालचा. नांवाचा अर्थ, ‘चला, तालावर नाचूं या’.

पोर्तुगीज अमदानींत गोव्याच्या पॅरिश शाळांतून मुलांस स्वरलेखन वाचावयास व व्हायोलिन वाजवावयास शिकवीत. ही विद्या उपासनेकरितां होती. पुढें तीच अनेकांची भाकर झाली. मुंबईस आलेल्या या वादकांनीं होटेलांतील वाद्यवृंद गाजविले व हिंदी चित्रपटांच्या गाण्यांस साज चढविला. माजोर्ड्याचे आंथनी गोन्साल्विस, सेबास्तियन डिसोझा यांची करामत साऱ्या देशानें ऐकली. पण बहुतेक वादकांचीं नांवें श्रोत्यांस कधीं कळलींच नाहींत.

क्रिस पेरी हे त्याच परंपरेंतील कर्णावादक व कवि. त्यांच्या वाद्यवृंदांत लोर्ना कोर्देरो ही तरुणी गाऊं लागली आणि १९६० नंतरच्या दशकांत कोंकणी गाण्यास नवी झळाळी आली. पुढें दोघांची फारकत झाली. लोर्नाबाईंचा आवाज सुमारें दोन दशकें मुका राहिला. १९९५ सालीं रॉनी मोन्सेराते यांच्या साह्यानें त्या पुन्हा गाऊं लागल्या. पेरी २००२ सालीं निवर्तले.

चित्रपटांत हीच कथा लॉरी व डोना या कल्पित नांवांनीं येते. विजय मौर्य व पालोमी घोष यांनीं त्या भूमिका केल्या आहेत. पेरी यांचीं सुमारें वीस गाणीं कथेंत ओवलीं असून त्यांची नवी संगीतरचना त्याच मोन्सेराते यांची आहे. ज्या हातांनीं मुक्या कंठास पुन्हा वाचा दिली, त्याच हातांनीं ही कथा स्वरबद्ध झाली!

मोठ्या धनिक संस्थेच्या छायेवांचून, संगीतप्रेमी जनांच्या मदतीनें हें काम तडीस गेलें. नेहमींच्या चित्रपटगृहांची वाट न पाहतां तो सभागृहांतूनहि दाखविण्यांत आला. ६२ व्या राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट कोंकणी चित्रपटाचा मान त्यास मिळाला.

आतां कोणी विचारील, अशा चित्रपटानें जखम बरी होते काय? गेलेलीं वर्षें कोणी परत देऊं शकत नाहीं. गोड गाण्यांमागें एका स्त्रीचें दुःख होतें, हें चित्रपट लपवीत नाहीं. गाणें सुंदर म्हणून अन्याय क्षम्य, असेंहि तो म्हणत नाहीं. तो इतकेंच करतो, कीं जें दुःख एकटीनें सोसलें तें सर्वांसमोर सांगतो आणि श्रोत्यांस तिजपाशीं बसवितो. दुःखिताजवळ बसणें हेंच सांत्वनाचें पहिलें पाऊल होय.

आपल्याहि पॅरिशींत जुने वादक व गायिका असतील. कोणाच्या पेटींत स्वरलेखनाच्या जीर्ण वह्या असतील. त्या वाळवीच्या स्वाधीन होण्यापूर्वीं उघडा. त्या वृद्धांस घरीं जाऊन भेटा, त्यांची कहाणी व त्यांचीं नांवें लिहून ठेवा; आणि त्यांनीं गाणें कां सोडलें, हेंहि आदरपूर्वक विचारा. कदाचित् हा प्रश्न त्यांस आजवर कोणीं विचारलाच नसेल.