पाणक्यांची शर्यत

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त चौबे कॉलोनीत दाखविलेल्या अनुबोधपटानंतर केलेले भाषण)



चित्रपट संपून दिवे लागल्यावर भाषणाला उभे राहणे म्हणजे पंगत उठल्यावर आमटी घेऊन फिरण्यासारखे आहे. तरीही सुवर्णमहोत्सवी समितीने आम्हांस तशी आज्ञा केली. आणि केंद्र सरकारच्या चाकरीत आयुष्य गेल्यामुळे आज्ञा मोडण्याची सवय आम्हांस उरलेली नाही.

खेळाच्या प्रांतात आमचा अधिकार शून्य. आम्ही साधे बी. ए. सायकलीशी संबंध म्हणावा तर इतकाच की, कॉलेजात असताना मित्रांबरोबर एकदा खंडाळ्यास मुंबई-पुणे सायकल शर्यत पाहावयास गेलो होतो. बोरघाटाची चढण जो सर्वांआधी पार करतो, त्यास त्या शर्यतीत 'घाटाचा राजा' म्हणतात. राजा आला, आम्ही टाळ्या वाजविल्या आणि चहाच्या टपरीकडे वळलो. मागून कोण आले, हे पाहावयास काही थांबलो नाही. आमची ही जुनी खोड आज का सांगितली, हे पुढे ध्यानात येईल.

आपण आता पाहिलेला अनुबोधपट डेन्मार्कचे दिग्दर्शक योर्गेन लेथ यांचा. १९७३ सालच्या 'जिरो दीतालिया' म्हणजे इटलीच्या सायकल-परिक्रमेचे हे चित्रण. वीस टप्पे, सुमारे ३,८०० किलोमीटर, तीन आठवडे. आज सपाट मैदान तर उद्या आल्प्सचे डोंगर. रोजच्या वेळेची बेरीज होत जाते आणि अखेरीस ज्याची बेरीज सर्वांत कमी, तो विजयी. आघाडीवरील स्वारास गुलाबी सदरा मिळतो. त्या वर्षी बेल्जियमच्या एडी मर्क्स याने पहिल्या दिवशी तो जो अंगात घातला, तो अखेरपर्यंत कोणास मिळू दिला नाही. विक्रमच म्हणावयाचा! परंतु लेथ यांनी चित्रपटाला मर्क्सचे नाव दिले नाही. त्याचे नाव आहे 'तारे आणि पाणके'.

हे पाणके कोण? सपाट रस्त्यावर स्वाराचा खरा वैरी म्हणजे वारा. पुढच्याच्या आडोशाने चालणाऱ्याचे सुमारे एक तृतीयांश श्रम वाचतात. म्हणून संघातील बाकीचे गडी नायकाच्या पुढे राहून वारा अंगावर घेतात. तहान लागली की, त्यांतलाच एक मागे संघाच्या मोटारीपर्यंत रेंगाळतो, पाण्याच्या बाटल्या सदऱ्यात कोंबतो आणि ते ओझे घेऊन सारा घोळका ओलांडीत पुन्हा पुढे येतो. नायकाचे चाक निकामी झाले, तर स्वतःचे चाक काढून देतो आणि रस्त्याच्या कडेला दुसऱ्या चाकाची वाट पाहात उभा राहतो. संध्याकाळच्या निकालपत्रात याचे नाव पार तळाशी शोधावे लागते.

फ्रेंच भाषेत यास 'दोमेस्तिक' म्हणजे घरगडी म्हणतात. हा शब्द सायकलीच्या जगात आला तो शिवी म्हणून. १९११ सालच्या फ्रान्सच्या परिक्रमेत मोरिस ब्रोको नावाचा स्वार स्वतःची आशा संपल्यावर दुसऱ्यांना मदत करू लागला, तेव्हा शर्यतीचे संस्थापक आंरी देग्रांज यांनी त्यास या शब्दाने हिणविले. पुढे हीच शिवी एका मानाच्या व्यवसायाचे नाव झाली. लुई माल यांनी १९६२ च्या फ्रान्स-परिक्रमेवर अठरा मिनिटांचा एक अनुबोधपट केला आहे. त्यात हे गडी रस्त्यावरील उपाहारगृहात घुसतात, हाती लागतील त्या बाटल्या उचलतात आणि दाम न देता पसार होतात! पाहताना हसू येते. परंतु त्या बाटल्यांतील पुष्कळशा दुसऱ्यांच्या घशासाठी आहेत, हे आठवले की हसू मावळते.

हे सारे परमुलखातले म्हणून सोडून द्यावे, तर तसेही नाही. नागपूर म्हणजे आपणा रायपूरकरांचे माहेरच. त्या नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये 'रेस अक्रॉस अमेरिका' ही सुमारे ४,८०० किलोमीटरांची शर्यत बारा दिवसांच्या मुदतीत पुरी केली. पुढच्याच वर्षी त्यांनी मॉस्कोपासून व्लादिव्होस्तोकपर्यंतची, सुमारे ९,१०० किलोमीटरांची शर्यतही तडीस नेली. पंधरा टप्पे, पंचवीस दिवस. एक टप्पा तर तेराशे किलोमीटरांहून लांब. या पराक्रमापुढे आम्ही नतमस्तक आहोत. तथापि 'एकट्याने' हा नियमांच्या पुस्तकातला शब्द आहे. स्वार एकटा असला तरी त्याच्या मागून मदतीची गाडी चाललेली असते. तीत कोणी खाण्यापिण्याचे पाहतो, कोणी नकाशा सांभाळतो, कोणी डुलकी लागलेल्यास वेळेवर उठवितो. नाशिकच्या महाजन डॉक्टरबंधूंनी २०१५ मध्ये तीच अमेरिकेची शर्यत दोघांच्या संघाने पुरी केली. एक सायकलीवर असताना दुसऱ्याने विसावा घ्यावयाचा, ही त्यांची रीत. म्हणजे तेथेही एकाचे बळ दुसऱ्याच्या जागरणावर उभे होते.

जानेवारी २०२६ मध्ये आपल्या पुणे जिल्ह्यातच आंतरराष्ट्रीय सायकल संघाच्या कार्यक्रमातील अनेक टप्प्यांची शर्यत झाली. अंतर ४३७ किलोमीटर. मुळशी, मावळ, भोर, पुरंदर, बारामती ही नावे परदेशी स्वारांच्या शर्यतीत निघाली, तेव्हा दूर राहणाऱ्या आपल्यासारख्यांस काय वाटले असेल, ते निराळे सांगावयास नको. आमच्या घरी आम्ही मोबाइलवर ती शर्यत पाहात होतो. परंतु या वेळी आमची नजर पहिल्या स्वारावर ठरेना. ती पुन्हा पुन्हा मागे, बाटल्या वाहणाऱ्यांकडे जाई.

पाणक्याचे महत्त्व मराठी माणसास युरोपाकडून शिकावयाचे काही कारण नाही. पैठणास एकनाथांच्या घरी श्रीखंड्या बारा वर्षे कावडीने पाणी भरीत होता, ही कथा आपण मांडीवर बसून ऐकली. तो कोण होता, हे नाथांसही तो निघून गेल्यावर कळले. आम्ही लहानपणी विचारीत असू, 'इतकी वर्षे घरात असून नाथांनी ओळखले कसे नाही?' आता हा प्रश्न विचारण्याचे धाडस आम्हांस होत नाही. कारण आम्हीही ओळखले नाही.

आमच्या नोकरीचेही टप्पेच. पाच गावे झाल्यावर ऐन मे महिन्यात आमची येथे बदली झाली. चौबे कॉलोनीत भाड्याचे घर मिळाले, सामानाचा ट्रक दारात उभा राहिला आणि नळाला थेंब नाही. मुले रडकुंडीस आलेली. तेवढ्यात एक अपरिचित गृहस्थ दोन्ही हातांत भरलेल्या बादल्या घेऊन आले. "मराठी आवाज ऐकला म्हणून आलो," एवढेच म्हणाले. त्यानंतर पुरी वीस वर्षे आम्ही त्यांना मंडळात पाहिले: गणेशोत्सवात सतरंज्या अंथरताना, पिण्याच्या पाण्याचा पिंप भरताना, सर्वांच्या शेवटी कुलूप लावून जाताना. व्यासपीठावर मात्र कधीच पाहिले नाही. गेल्या पावसाळ्यात ते गेले.

या स्मरणिकेसाठी मंडळाच्या आधारस्तंभांची यादी करण्याचे काम आमच्याकडे होते. आम्ही कचेरीच्या शिस्तीने इतिवृत्ताच्या वह्या उघडल्या आणि अध्यक्ष, कार्यवाह, देणगीदार असे सर्व उतरवून घेतले. एकही नाव गळले नाही, असा आम्हांस अभिमान होता. मुद्रिते तपासावयास आली त्या दिवशी त्या गृहस्थांच्या पत्नी वर्गणी देण्यास आल्या. त्यांनी ती यादी हाती घेतली, वरपासून खालपर्यंत सावकाश वाचली, 'छान झाली आहे' म्हणाल्या आणि पाने नीट जुळवून परत दिली. त्या जिना उतरून गेल्यावर आमच्या ध्यानात आले. ज्यांच्या बादलीतले पाणी आमच्या मुलांनी या गावात पहिल्यांदा प्यायले, त्यांचे नाव आम्ही विसरलो होतो. वहीत नोंद नव्हती, हे कचेरीतले उत्तर झाले. त्या माउलीस ते देण्याची आमची छाती झाली नाही. आम्ही त्यांच्या घरी जाऊन क्षमा मागितली. त्या म्हणाल्या, "ह्यांना नाव नको होतं हो. पण नातवाला दाखवायला बरं झालं असतं."

मित्रहो, समितीने छपाई आठ दिवस थांबविली आहे. स्मरणिकेत एक जास्तीचे पान घातले जाईल. त्यावर पहिले नाव त्यांचे असेल. उरलेली नावे मात्र इतिवृत्तांत मिळणार नाहीत. ती आपल्या आठवणीत आहेत. कोणी दिवाळीच्या फराळासाठी रात्र रात्र भट्टीपुढे बसले असेल, कोणी नाटकाचे पडदे शिवले असतील, कोणी नव्याने आलेल्या कुटुंबाला शाळा, दूधवाला आणि डॉक्टर दाखविला असेल. दाराशी टेबलावर एक वही ठेवली आहे. जाताना आपल्या पाणक्याचे नाव तीत लिहावे. अक्षर सुवाच्य असावे, एवढीच विनंती.

घाटाच्या माथ्यावरून आम्ही एकदा लवकर वळलो होतो. आज शेवटचे नाव लिहून होईपर्यंत आम्ही त्या टेबलापाशी थांबणार आहोत.