मोडलेले कलापथक पुन्हा कसे उभे राहते?

(गोंदिया जिल्ह्यातील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



चळवळीच्या इतिहासात ठराव, मोर्चे आणि निवडणुका यांची नोंद राहते. सभा सुरू होण्यापूर्वी डफावर थाप मारून ज्यांनी माणसे गोळा केली, त्यांची नोंद सहसा राहत नाही. शाहीर म्हणजे मुख्य वक्ता येईपर्यंतचा वेळ भरून काढणारा माणूस, अशी पुरोगामी पक्षांची एक न बोललेली समजूत आहे. या समजुतीची किंमत कोणी मोजली, हे पाहावयाचे तर पुण्याच्या कबीर कला मंचाचा इतिहास पाहिला पाहिजे. एक कलापथक उभे राहिले, मोडले, पुन्हा उभे राहिले आणि पुन्हा तुरुंगात गेले. ते कशाच्या बळावर उभे राहिले, हा आजच्या विवेचनाचा प्रश्न आहे. ‘धैर्याच्या बळावर’ हे उत्तर खरे आहे, पण अपुरे आहे.

या कथेची पहिली खूण मुंबईत आहे. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात डॉ. बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली. संतप्त जमावावर राज्य राखीव पोलिसांनी गोळीबार केला आणि दहा माणसे मृत्युमुखी पडली. त्यानंतर काही दिवसांतच शाहीर विलास घोगरे यांनी आपल्या झोपडीत जीवन संपविले. आनंद पटवर्धन यांच्या १९८५ च्या ‘हमारा शहर’ या माहितीपटात ज्यांचा आवाज महाराष्ट्राने ऐकला होता, ते हेच घोगरे. पटवर्धनांनी त्यांच्या मृत्यूपासून चित्रीकरण सुरू केले. चौदा वर्षांनी त्यातून ‘जय भीम कॉम्रेड’ हा माहितीपट पूर्ण झाला. घोगरे गेल्यानंतर ती गाणी कोण गात आहे, याचा शोध घेत कॅमेरा पुण्यात कबीर कला मंचापर्यंत पोहोचला.

हा मंच २००२ मध्ये, गुजरातेतील हिंसाचारानंतर, पुण्यात स्थापन झाला. कासेवाडीसारख्या कष्टकऱ्यांच्या वस्त्यांतून आलेली तरुण मुले-मुली त्यात होती. आरंभीचा विषय धार्मिक सलोख्याचा होता. २९ सप्टेंबर २००६ रोजी खैरलांजी घडली आणि मंचाच्या गाण्यांचा रोख जातिव्यवस्थेकडे वळला. खैरलांजी कोठे आहे, हे येथील श्रोत्यांना सांगावयास नको. १ मे १९९९ पूर्वी गोंदिया ज्या भंडारा जिल्ह्याचा भाग होता, त्याच जिल्ह्यातील मोहाडी तालुक्यातील ते गाव. एका दलित कुटुंबातील चौघांची तेथे हत्या झाली. २००८ मध्ये भंडाऱ्याच्या विशेष न्यायालयाने आठ जणांना दोषी ठरविले, परंतु या गुन्ह्याला अत्याचार प्रतिबंधक कायदा लागू होतो, हे मान्य केले नाही. न्यायालयाच्या निकालपत्रात जातीला जागा मिळाली नाही. ती शीतल साठे आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या गाण्यांत मिळाली. धानाच्या बांधावर जे घडले त्याचे सूर पुण्याच्या झोपडपट्टीत उमटले, यात योगायोग काहीच नाही. दोन्हीकडची माणसे एकाच उतरंडीच्या तळाशी होती.

२०११ मध्ये दहशतवादविरोधी पथकाने मंचाच्या दीपक डेंगळे आणि सिद्धार्थ भोसले यांना बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायद्याखाली अटक केली. बंदी असलेल्या माओवादी पक्षाशी संबंध असल्याचा आरोप होता. मंचाने तो नाकारला. अटकेच्या भीतीने शीतल साठे, सचिन माळी, सागर गोरखे आणि रमेश गायचोर भूमिगत झाले. गाणारे दिसेनासे झाले की गाणे थांबते. मंच त्या दिवशी मोडला.

येथे क्षणभर महाराष्ट्राबाहेर पाहणे उपयोगी ठरेल. इंग्लंडमधील मँचेस्टर हे कापडगिरण्यांचे शहर. गिरण्या बंद पडत गेल्या आणि त्या उजाड शहरातील तरुणांनी १९७६ च्या सुमारास एक वाद्यवृंद उभारला. पुढे तो ‘जॉय डिव्हिजन’ या नावाने गाजला. त्याचा गायक इयन कर्टिस सरकारी रोजगार कचेरीत नोकरी केलेला, अपस्माराने ग्रासलेला तरुण होता. अमेरिकेच्या दौऱ्यास निघण्याच्या आदल्या दिवशी, १८ मे १९८० रोजी, वयाच्या तेविसाव्या वर्षी त्याने आत्महत्या केली. उरलेल्या तिघांनी जुने नाव सोडले, ‘न्यू ऑर्डर’ हे नवे नाव घेतले, एका नव्या वादक सहकारिणीस सोबत घेतले आणि तीन वर्षांत ते पुन्हा कीर्तीस पोहोचले. त्यांचे दुःख लहान नव्हते. परंतु त्यांच्या मागे एक तबकडी कंपनी होती, तबकड्या विकत घेणारा बाजार होता, आणि मुख्य म्हणजे त्यांच्यावर खटला नव्हता. शोक आवरला की काम सुरू करता येत होते.

कबीर कला मंचापाशी यांपैकी काहीही नव्हते. डफ, ढोलकी आणि कंठ एवढेच त्याचे भांडवल. वस्तीतल्या श्रोत्याकडून तिकीट घेता येत नाही. प्रवासखर्च निघाला तरी पुष्कळ. मग मंच पुन्हा उभा राहिला तो कसा? ‘जय भीम कॉम्रेड’च्या निमित्ताने या तरुणांची गाणी नव्या श्रोत्यांपर्यंत गेली. पटवर्धनांच्या पुढाकाराने नागरिकांची बचाव समिती स्थापन झाली. वकील उभे राहिले. जानेवारी २०१३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने डेंगळे व भोसले यांना जामीन दिला आणि सामाजिक अन्यायाविषयी बोलणे अथवा एखाद्या विचाराबद्दल सहानुभूती असणे एवढ्यावरून कोणी बंदी असलेल्या संघटनेचा सदस्य ठरत नाही, अशी भूमिका घेतली. त्यानंतर २ एप्रिल २०१३ रोजी शीतल साठे आणि सचिन माळी मुंबईत विधानभवनासमोर स्वतःहून हजर झाले. ही शरणागती नव्हे, सत्याग्रह आहे, असे त्यांचे म्हणणे होते. पुढील महिन्यात गोरखे आणि गायचोर यांनीही तोच मार्ग धरला. साठे त्या वेळी गर्भवती होत्या. त्यांना जूनमध्ये जामीन मिळाला. इतर तिघांना तो सर्वोच्च न्यायालयाकडून मिळाला ३ जानेवारी २०१७ रोजी. जवळजवळ चार वर्षे खटल्याचा निकाल न लागता गेली.

बाहेर आल्यावर वाटा वेगळ्या झाल्या. साठे आणि माळी यांनी ‘नवयान महाजलसा’ या नव्या नावाने काम सुरू केले. गोरखे, गायचोर, ज्योती जगताप आदींनी कबीर कला मंच हेच नाव पुढे चालविले. मँचेस्टरच्या वादकांनी नाव बदलले ते गेलेल्या मित्राच्या आदरापोटी. येथे एका गटाने नाव बदलले आणि दुसऱ्याने राखले ते राजकीय दिशेच्या भेदामुळे. या फुटीबद्दल हळहळण्याचे कारण नाही. ‘जलसा’ हा शब्द सत्यशोधकांपासून भीमराव कर्डकांच्या आंबेडकरी जलशापर्यंत चालत आला आहे. १९४४ मध्ये अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांनी लाल बावटा कलापथक काढले, तेव्हा त्यांनीही जुन्या तमाशाला नवा आशय दिला. पथके फुटतात, नावे बदलतात. एकाऐवजी दोन फड झाले तर चळवळीचा तोटा होत नाही.

तोटा झाला तो पुढे. ३१ डिसेंबर २०१७ रोजी शनिवारवाड्यावर एल्गार परिषद झाली. दुसऱ्या दिवशी भीमा कोरेगाव येथे हिंसाचार झाला. त्यातून उभ्या राहिलेल्या खटल्यात राष्ट्रीय तपास यंत्रणेने सप्टेंबर २०२० मध्ये गोरखे, गायचोर आणि जगताप यांना अटक केली. त्यांतील दोघे साडेतीन वर्षांपूर्वीच तुरुंगातून सुटलेले. २००८ च्या दुरुस्तीनंतर या कायद्याखाली जामीन हा अपवाद झाला आहे. आरोप प्रथमदर्शनी खरा वाटला तरी जामीन नाकारता येतो. त्यामुळे शिक्षा निकालापूर्वीच भोगून होते. मार्च २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंदी असलेल्या संघटनेचे नुसते सदस्यत्वही गुन्हाच, असा निर्णय देऊन २०११ चा स्वतःचा उदार निर्णय रद्दबातल केला.

गोंदियाच्या श्रोत्यांपुढे हा विषय मांडताना एक आक्षेप टाळता येणार नाही. सालेकसा आणि देवरी या तालुक्यांनी नक्षलवाद वर्तमानपत्रात वाचलेला नाही, तो अनुभवला आहे. रात्री एका बंदुकीला जेवण आणि सकाळी दुसऱ्या बंदुकीला जबाब देण्याचा प्रसंग जंगलालगतच्या गावांवर आला. मग ज्यांच्यावर असा आरोप आहे त्यांच्या बाजूने समाजवाद्यांनी का बोलावे?

उत्तर स्पष्ट असले पाहिजे. लोकशाही समाजवादाला बंदुकीचा मार्ग मान्य नाही. ज्याने शस्त्र उचलले त्याच्यावर पुराव्यानिशी खटला चालवावा आणि निकाल लावावा. परंतु आरोप म्हणजे निकाल नव्हे, हा धडा समाजवाद्यांना इतरांकडून शिकण्याची गरज नाही. आणीबाणीत जॉर्ज फर्नांडिस यांच्यावर बडोदा डायनामाइट प्रकरणात राजद्रोही कटाचा आरोप होता; १९७७ मध्ये मुझफ्फरपूरच्या मतदारांनी त्यांना तुरुंगात असतानाच लोकसभेवर निवडून दिले आणि पुढे तो खटला मागे घेण्यात आला. त्याच काळात समाजवादी विचारांच्या अभिनेत्री स्नेहलता रेड्डी यांना दम्याचा विकार असताना बंगळूरच्या तुरुंगात डांबले गेले. जानेवारी १९७७ मध्ये, पॅरोलवर सुटल्यानंतर काही दिवसांतच, त्या गेल्या. एल्गार खटल्यातील वृद्ध फादर स्टॅन स्वामी ५ जुलै २०२१ रोजी कोठडीत असतानाच मरण पावले. पहिल्या मृत्यूवर ज्यांनी अश्रू ढाळले, त्यांना दुसऱ्याबद्दल तटस्थ राहता येत नाही. जुलै २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या दोन्ही सभागृहांनी जनसुरक्षा विधेयक संमत केले. कडव्या डाव्या संघटनांना आळा घालणे हा त्याचा सांगितलेला हेतू. डफ वाजविणारा ‘कडवा’ केव्हा ठरतो, हे शासन ठरविणार असेल, तर उद्या विडी कामगारांच्या किंवा धान उत्पादकांच्या सभेत गाणाऱ्यालाही सावध राहावे लागेल.

मूळ प्रश्नाकडे पुन्हा वळू. पथकाला जगण्यासाठी काय लागते, हे पाहण्यास पुण्याला जावयास नको. झाडीपट्टीची रंगभूमी समोर आहे. धान घरात आले, दिवाळी सरली, मंडई भरली की वडशाच्या नाटक कंपन्या गावोगाव निघतात. गावातील मंडळ कंपनी ठरविते, प्रेक्षक तिकीट काढून रात्रभर नाटक पाहतो, कलावंताला बिदागी मिळते. करोनाच्या साथीने हा हंगाम बुडविला तेव्हा कलावंतांचे अतोनात हाल झाले. तरीही रंगभूमी पुन्हा उभी राहिली, कारण गावाची गरज आणि गावाचा पैसा दोन्ही तिच्यामागे होते. २०२३ मध्ये परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली. तिच्यात या तिकीट काढणाऱ्या प्रेक्षकाचाही वाटा आहे.

चळवळीच्या कलावंतामागे असे गाव कोणते? राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकाने निळू फुले, राम नगरकर, दादा कोंडके यांच्यासारखे कलावंत घडविले, पु. ल. देशपांडे यांच्याकडून ‘पुढारी पाहिजे’ लिहून घेतले. त्या पथकामागे संघटना होती, शाखा होत्या, मुक्कामाला कार्यकर्त्याचे घर होते. कबीर कला मंचाच्या वेळी असे पाठबळ कोणत्याही मोठ्या पक्षाने उभे केले नाही. ते काम मूठभर नागरिकांच्या समितीवर पडले.

म्हणून कर्तव्य साधे आहे. प्रत्येक जिल्हा शाखेच्या अंदाजपत्रकात शाहिरासाठी रक्कम असावी आणि ती हारतुऱ्यांच्या खर्चाआधी बाजूला काढावी. शाहिराला अटक झाल्यास वकील, जामीनदार आणि त्याच्या घरची चूल यांची जबाबदारी कोणावर, हे अटकेपूर्वी ठरलेले असावे. सभेच्या पत्रकावर त्याचे नाव वक्त्याच्या नावाइतक्याच ठळक अक्षरांत छापावे. मोडलेले कलापथक गाणाऱ्यांच्या धैर्याने पुन्हा उभे राहते हे खरे. परंतु ते उभे राहीपर्यंतचा खर्च ऐकणाऱ्यांनी उचलावयाचा असतो.