कौशल्यांचे रुमाल

जुन्या दफ्तरांत कागद रुमालांत बांधून ठेवीत. प्रत्येक रुमालास चिठ्ठी असे. कारकून चिठ्ठ्या वाची आणि कामापुरता एकच रुमाल सोडी. संगणकाचे प्रोग्राम लिहून देणाऱ्या कृत्रिम बुद्धीच्या सहायकांना अलीकडे जीं ‘स्किल्स’ पुरवितात, त्यांची घडण नेमकी अशीच आहे.

असा सहायक बहुश्रुत खरा, पण कालच रुजू झालेल्या कारकुनासारखा. प्रोग्रामच्या नाना भाषा त्याला येतात. मात्र अमुक दुकानाच्या बिलावर तारीख कशी घालतात, बदल केल्यावर कोणत्या चाचण्या घ्यावयाच्या, हें त्याला कोणीं सांगितलेलें नसतें. दर खेपेस तेंच सांगत बसणें मालकाच्या जिवावर येतें. १६ ऑक्टोबर २०२५ रोजीं अँथ्रॉपिक कंपनीनें आपल्या ‘क्लॉड’साठीं यावर तोड काढली, आणि १८ डिसेंबरला ती खुलें मानक म्हणून सर्वांस मोकळी केली. ओपनएआयच्या ‘कोडेक्स’नेंही ती उचलली.

तोड साधी आहे. एक फोल्डर, त्यांत ‘स्किल.एमडी’ नांवाची फाइल. तिच्या माथ्यावर नांव व वर्णन. खालीं कामाची रीत, साध्या भाषेंत. आरंभीं सहायक नांव आणि वर्णन एवढेंच पाहतो; काम जुळलें तर पुढील मजकूर वाचतो, आणि जोडलेले इतर कागद त्याहूनही गरज पडल्यास. ही काटकसर आवश्यकच, कारण त्याच्या ध्यानांत एका वेळीं ठराविकच मजकूर मावतो. म्हणून सारी मदार चिठ्ठीवर. ‘हिशेबासाठीं उपयुक्त’ एवढ्यानें कांहींच बोध होत नाहीं. ‘बिलांतील तारखा व कराची बेरीज तपासतांना वापरावें’ असें लिहिलें म्हणजे योग्य रुमाल योग्य वेळीं सुटतो.

अशीं अनेक स्किल्स निवडून कोणी एकत्र बांधून देतो. ‘क्लॉड कोड’मध्यें तीं ‘प्लगइन’च्या रूपानेंही मिळतात. नवशिक्याला वाटतें, फुकट आहे तर शंभर घ्यावीं. पण शंभर चिठ्ठ्याही जागा अडवितात, आणि दोन सारख्या दिसल्या कीं सहायक भलताच रुमाल सोडतो. शिवाय निवडणाऱ्यानें आपल्या कामास सोईचें तें निवडलेलें असतें. मुंबईंतील एखाद्या पेढीच्या हिशेबाला तें जुळेलच असें नाहीं.

याहून गंभीर बाब निराळीच. फोल्डरांत नुसता मजकूर नसतो. चालविण्याजोगे छोटे प्रोग्रामही असूं शकतात, आणि ते घेणाऱ्याच्याच संगणकावर, त्याच्याच अधिकारानें चालतात. संकेतशब्द चोरून बाहेर पाठविणारी एक ओळ त्यांत दडविणें अवघड नाहीं. प्रोग्रामही लागत नाहीं. साध्या मजकुरांत घातलेली खोडसाळ आज्ञाही सहायक मुकाट्यानें पाळूं शकतो. सहायक बहुधा परवानगी विचारतो हें खरें. पण दहाव्या वेळीं माणूस न वाचतांच ‘होय’ म्हणतो. ‘निवडक’ या शब्दाचा अर्थ कोणी तरी निवडलें इतकाच. ओळ न् ओळ तपासली, असा नव्हे.

तेव्हां नवख्यानें गठ्ठा कोणाचा तें पाहावें, फाइल उघडून वाचावी, सोबतचे प्रोग्राम जाणत्याला दाखवावे, आणि पहिला प्रयोग खऱ्या हिशेबावर न करतां त्याच्या नकलेवर करावा. आरंभास एक-दोन स्किल्स पुरेत. गठ्ठ्याची नवी आवृत्ति आली कीं हीच तपासणी पुन्हां करावी लागते, कारण मागील खेपेस वाचलेली फाइल त्यांत बदललेली असूं शकते.