सिगार, बिडी आणि आईची बोटं

आजचा एपिसोड मी सिहोऱ्यातून, घरच्या गच्चीवरून रेकॉर्ड करतोय. सिहोरा म्हणजे तुमसर तालुका, जिल्हा भंडारा. थोडं पुढे गेलं की बपेरा, आणि त्याच्या पलीकडे मध्य प्रदेश. खाली धानाचे बांध भरलेत, त्यामुळे मध्येच बेडूक ओरडले तर समजून घ्या.

तर झालं असं, की ऑफिसमधल्या एका मित्राने परदेशातून येताना मला एक सिगार आणली. हाताने वळलेली, वगैरे वगैरे. मी ऑनलाइन किंमत बघितली, अठराशे रुपये! एका नगाचे. म्हटलं, ही घाईत ओढायची गोष्ट नाही. शनिवारी संध्याकाळी लॅपटॉप बंद केला, गच्चीवर खुर्ची टाकली आणि दोन व्हिडिओ बघून सुरुवात केली.

आधी टोपीकडचं टोक जरासं कापायचं. मग दुसरं टोक ज्योतीपासून थोडं लांब धरून, फिरवत फिरवत पेटवायचं. धूर छातीत घ्यायचा नाही, तोंडात खेळवून सोडायचा. पण म्हणून ती सेफ आहे असं अजिबात समजू नका, तोंडाच्या आणि घशाच्या कॅन्सरचा धोका असतोच. चवीबद्दल व्हिडिओवाले कोको, चामडं, असं काय काय सांगतात. मला पहिल्यांदा लागलं ते ओलं लाकूड, मग भाजलेल्या शेंगदाण्याच्या टरफलासारखं काहीतरी. आणि मग एक ओळखीचा वास आला. आमच्या जुन्या ओसरीचा.

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. आई! सत्तावीस वर्षांचा माणूस मी, पण सिगार थेट पाठीमागे लपवली.

आई म्हणाली, "लपवतेस काहून बाबू? वास खालीपर्यंत येते. दाखव."

रागावेल असं वाटलं होतं. तिने सिगार घेतली, विझली होती तोवर. बोटांनी दाबून बघितली, टोकापासून टोकापर्यंत. पानाचा जोड कुठे आहे ते नखाने शोधलं. "हात चांगला हाय," म्हणाली. "कुठंच ढिली नाई. कोनाच्या हातची होय?"

इथे थोडं मागे जावं लागेल. माझी आई बिड्या वळायची. आमच्या भंडारा-गोंदियाकडे हे घराघरातलं काम होतं. गोंदिया 1999 पर्यंत आमच्याच जिल्ह्यात होता. इथल्या जंगलात तेंदू आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये झुडपं छाटतात, नवी पालवी फुटते, आणि एप्रिल-मेच्या उन्हात पानं तोडून, पुडे बांधून वाळवतात. तंबाखू बाहेरून येतो, गुजरातच्या चरोतरमधून, निपाणीकडून. आई रात्री पानं भिजवायची. सकाळी मांडीवर सूप, हातात कात्री. पान मापात कापायचं, चिमूटभर जर्दा, वळायचं, तोंड दुमडायचं, दोरा. दिवसाला पाचशे-सहाशे. मी शाळेत असताना हजारामागे साठ रुपयांच्या आसपास मिळायचे. त्यातही ठेकेदार छाट काढायचा. म्हणजे या बिड्या बरोबर नाहीत म्हणून बाजूला टाकायचा. त्यांचे पैसे नाहीत, आणि बिड्याही परत नाहीत.

मी मनातल्या मनात हिशेब केला. अठराशे रुपये म्हणजे तीस हजार बिड्या. जवळपास दोन महिने. आईला किंमत सांगितलीच नाही. तिने पण परत विचारली नाही.

गंमत बघा, 1966 मध्ये आपल्या देशात कायदा झाला, त्याचं नावच बिडी आणि सिगार कामगार कायदा. कागदावर दोघं एकाच ओळीत. काम पण तेच आहे. फरक एवढाच की सिगारचं वरचं पानसुद्धा तंबाखूचंच असतं. क्यूबात 1865 पासून सिगार कारखान्यांत कामगारांना पेपर आणि कादंबऱ्या वाचून दाखवणारा माणूस असायचा, आणि त्याचा पगार कामगारच वर्गणी काढून द्यायचे. हे वाचलं तेव्हा मला आमची ओसरी आठवली. आई वळायची आणि मी शेजारी बसून इतिहासाचा धडा मोठ्याने वाचायचो. "वाच, हात चालते मंग," म्हणायची.

आता खरं सांगतो. बीटेकला मला बिडी कामगारांच्या मुलांसाठीची स्कॉलरशिप मिळायची. हॉस्टेलवर कोणी विचारलं तर मी म्हणायचो, "मेरिटची आहे." आई काय करते? "गृहिणी." चार वर्षं हेच. आणि परवा मी त्याच कामाची महागडी आवृत्ती हातात धरून व्हिडिओत शिकत होतो, चांगलं वळलेलं कसं ओळखायचं. ओळखणारी खाली भाजी निवडत होती.

मी बॉक्स बघितला. कंपनी आहे, देश आहे, हाताने वळलेली असंही छापलंय. हात कोणाचा, ते नाही. तसंच सांगितलं आईला. ती म्हणाली, "आमचं तरी कुठं रायते नाव." मग सिगार परत दिली. "वळली चांगली, पन ओढू नको. जर्द्याच्या धुळीनं मी किती खोकलली, पायलं ना तू?"

ती सिगार अर्धीच राहिली. ओढवेना.

रात्री मित्राचा मेसेज आला, "कशी वाटली?" मी व्हॉइस नोट पाठवली. सगळं सांगितलं, ओसरी, छाट, स्कॉलरशिप. सहा वर्षांची मैत्री आहे, पण हे पहिल्यांदाच. बराच वेळ निळ्या टिका दिसत होत्या. मग त्याचा मेसेज आला, "माझा बाबा पण हमाली करायचा यार. तुला कधी बोललो नाही."

तर आजचं एवढंच. तुमच्याही घरात असं एखादं काम असेल, ज्याचं नाव तुम्ही फॉर्मवर बदलून लिहिलंय. मला व्हॉइस नोट पाठवा, नाव नाही सांगितलं तरी चालेल. आणि तंबाखूपासून लांब राहा. हे मी नाही, आई सांगतेय.

भेटू पुढच्या भागात.